बिग ब्लूस्टेम: प्रेअरीचा जमिनीखालचा कारभारी

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचं टोपणनाव ‘प्रेअरी स्टेट’, म्हणजे गवताळ मैदानांचं राज्य. बिग ब्लूस्टेम या गवताला या राज्याने १९८९ साली अधिकृत राज्य-गवताचा मान दिला. मान मिळेपर्यंत गवताच्या बुडाखालची जमीन मात्र जवळजवळ सगळी गेली होती. १९७०च्या दशकात राज्यभर झालेल्या पाहणीत चांगल्या अवस्थेतली प्रेअरी सापडली जेमतेम २,३०० एकर, म्हणजे मूळ क्षेत्राच्या हिशेबात दहा हजारांत एक भाग. त्यातलेही कितीतरी तुकडे रेल्वेच्या कडेच्या पट्ट्यांतले, नाहीतर जुन्या गावांच्या दफनभूमींतले. तिथे नांगर घालायला कोणी धजावलं नाही, म्हणून गवत राहिलं. पुढे २००७ साली मिझुरी राज्यानेही हेच गवत राज्य-गवत म्हणून निवडलं. उरलेल्याचा सन्मान करण्याची ही सरकारी रीत आपल्याला काही अनोळखी नाही.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी जमीन मोडायला घेण्याआधी उंच गवताची प्रेअरी कॅनडातल्या मॅनिटोबापासून थेट टेक्ससपर्यंत पसरली होती. क्षेत्र सुमारे १७ कोटी एकर. आज त्यातलं चार टक्क्यांहून कमी शिल्लक आहे. रॉकी पर्वताच्या पर्जन्यछायेत गवत बुटकं असतं. तिथून पूर्वेकडे, मिसिसिपीच्या खोऱ्याकडे सरकावं तसा पाऊस वाढतो आणि गवत गुडघ्यावरून कमरेला, कमरेवरून डोक्यावर जातं. या पूर्वेकडच्या उंच गवतात चार जाती मानाच्या: बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास आणि स्विचग्रास. त्यांतही बिग ब्लूस्टेम थोरलं. बऱ्याच ठिकाणी एकूण गवताच्या वजनात त्याचाच वाटा सगळ्यांत मोठा भरतो.

त्याचं शास्त्रीय नाव अँड्रोपोगॉन जेरार्डी. हे नाव १७९२ साली फुल्जेन्झियो व्हिटमान या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं, ते लुई जेरार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ. जेरारने या गवताचं वर्णन केलं होतं ते फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात लावलेल्या रोपांवरून. कोट्यवधी एकरांवर राज्य करणाऱ्या अमेरिकी गवताची शास्त्रात नोंद झाली ती युरोपातल्या लागवडीवरून, हा योगायोग मोठा गमतीचा.

आता हे गवत जवळून पाहू. एप्रिलच्या अखेरीस जमीन तापू लागली की बुडातून कोंब निघतात. प्रेअरीतल्या इतर अनेक झाडांच्या मानाने हे उशिराचं आहे. थंडीतली गवतं मार्चमध्येच हिरवी झालेली असतात. जून-जुलैपर्यंत नुसती पाती. पात्याच्या बुडाशी बारीक लव असते आणि खालच्या कांड्यांवर मेणचट निळसर झाक, बोट फिरवलं तर पुसली जाणारी. नावातला निळा रंग तो हाच. वाढीचा शेंडा मात्र अजून खाली, मातीलगत दडलेला असतो. वरचं पान कोणी ओरबाडलं तरी त्याला धक्का लागत नाही. उन्हाळा कलायला लागला की गवत पोटरीत येतं, कांडी भराभर लांबतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात ते निसवतं. चांगल्या ओलीच्या सखल जमिनीत उंची सहा ते आठ फूट, कधी त्याहूनही जास्त. तुऱ्याला बहुधा तीन बोटं असतात, टर्की पक्ष्याच्या पायासारखी; म्हणून तिकडचे लोक याला ‘टर्की फूट’ही म्हणतात. थंडी पडू लागली की सगळं गवत तांबूस, मग तपकिरी होतं. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी ओमाहा लोकांच्या भाषेत याला लाल गवत म्हणत. विला कॅथरच्या ‘माय अँटोनिया’ या कादंबरीत नेब्रास्काचं जे लाल गवत सारखं भेटत राहतं, ते याच कुळातलं.

तुऱ्याचं एक बोट तोडून भिंगाखाली धरलं की मराठी वाचकाला घरचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटेल. कणसाच्या दांड्यावर फुलोऱ्याचे घटक, म्हणजे कणिशकं, जोडीजोडीने बसलेले दिसतात. प्रत्येक जोडीत एक बिनदेठाचं, दांड्याला चिकटलेलं. दुसरं लहानशा केसाळ देठावर. बिनदेठाच्या कणिशकात दाणा भरतो आणि त्यालाच सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं, बुडाशी पीळ पडलेलं, मध्येच वाकलेलं कुसळ असतं. देठावरचं कणिशक बहुधा नर असतं, नाहीतर वांझ. त्यात दाणा नाही आणि त्याला कुसळही नाही. ज्वारीचं कणीस असंच उकलून पाहा. तिथेही भरलेल्या दाण्याच्या शेजारी देठावरचं एक सुकं, पोकळ कणिशक चिकटलेलं असतं. ही जोडी या सबंध घराण्याची खूण आहे. ज्वारी, ऊस, मका, गवती चहा, वाळा आणि आपल्या माळावरची कुसळी, मारवेल, पवन्या ही सगळी याच घराण्यातली. माळावरून चालून आल्यावर धोतराच्या काठात आणि मोज्यांत रुतून बसणारी कुसळं ज्यांनी काढली आहेत, त्यांना ब्लूस्टेमचं कुसळ ओळखायला शिकवावं लागणार नाही.

घराण्याची दुसरी देणगी आत, पानात आहे. बहुतेक वनस्पतींमध्ये कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं एन्झाइम करतं आणि उन्हाच्या तडाख्यात ते चुकतं: कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन धरतं आणि केलेली मेहनत वाया घालवतं. या घराण्यातल्या गवतांनी त्यावर तोड काढली आहे. पानातल्या बाहेरच्या पेशी कार्बन आधी चार कार्बन-अणूंच्या संयुगात बांधतात आणि शिरांभोवतीच्या जाड पेशींत नेऊन सोडतात. तिथे रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची इतकी गर्दी होते की चुकायला वावच उरत नाही. याला ‘सी-४’ पद्धत म्हणतात. १९६०च्या दशकात तिचा उलगडा झाला तो हवाई आणि ऑस्ट्रेलियात, उसाच्या पानांवर काम करताना. पदरात पडतं ते असं: ऊन जितकं कडक तितकी वाढ जोमाची, आणि तेवढ्याच चाऱ्यासाठी पाणी कमी, नत्रही कमी. किंमत एवढीच की थंड जमिनीत हे यंत्र रेंगाळतं. एप्रिल संपेपर्यंत ब्लूस्टेम गप्प का असतं, याचं कारण हे. हा उशीर पुढे वणव्याच्या वेळी त्याच्या पथ्यावर पडतो.

पण वर दिसतं ते एका वर्षाचं चाऱ्याचं पीक. झाडाचा खरा संसार जमिनीखाली. तो पहिल्यांदा कागदावर आणला जॉन अर्नेस्ट वीव्हर यांनी. नेब्रास्का विद्यापीठातल्या या वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रेअरीत गवताशेजारी माणूस उभा राहील एवढे खोल चर खणले. मग चराच्या उभ्या भिंतीतून टोकदार हत्याराने माती खरडत, एकेक मूळ मोकळं करत तो ते मापाने कागदावर काढायचा. मुळांवरचं त्याचं पहिलं मोठं पुस्तक आलं १९१९ साली आणि हे काम पुढे कित्येक दशकं चाललं. बिग ब्लूस्टेमची मुळं दोन मीटरच्याही खाली गेलेली त्याला सापडली. मुळं किती वर्षं जगतात हे पाहायला त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने मुळांना धातूच्या बारीक पट्ट्या बांधल्या आणि काही वर्षांनी पुन्हा खणून मोजणी केली. इतकं कष्टाचं, नखांत माती जाणारं शास्त्र आता फारसं कोणी करत नाही; वीव्हरच्या आकृत्या अजून वापरात आहेत.

या आकृत्यांनी एक समज मात्र घट्ट रुजवला. संग्रहालयांत, पोस्टरांवर, मासिकांत प्रेअरीच्या गवताचं चित्र येतं ते असं: वर हातभर पाती, खाली पुरुषभर मुळं, आणि मजकूर असा की दुष्काळात हे गवत खोलवरचं पाणी ओढतं म्हणून तगतं. ऐकायला पटतं. १९३०च्या दशकातल्या भीषण अवर्षणाचा अनुभवही तसाच होता. वीव्हरने नोंदवलं की उथळ मुळांचं लिटल ब्लूस्टेम तेव्हा मोठ्या प्रमाणावर मेलं आणि बिग ब्लूस्टेमचं नुकसान त्यामानाने कमी झालं. पण कॅन्ससमध्ये जेसी निपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातल्या समस्थानिकांवरून झाड नेमकं कुठल्या थरातलं पाणी पितं हे तपासलं, तेव्हा चित्र बदललं. बिग ब्लूस्टेम आपलं बहुतेक पाणी वरच्या थरांतूनच घेतं, माती सुकलेली असतानाही. पाण्यासाठी खाली वळतात ती रुंद पानांची फुलझाडं आणि झुडपं. गवताची खोलवरची मुळं संख्येने थोडी आणि बारीक. त्यांतून मोठा प्रवाह वर चढत नाही. माझ्या मते पोस्टरवरचं चित्र खोटं नाही, त्याखालचा मजकूर मात्र बदलायला हवा. मुळं खोल जातात हे खरं, पण गवताचं मोठं बळ वरच्या हातभर मातीत आहे. तिथे ते इतकी दाट जाळी विणतं की पडलेला पाऊस इतरांना मिळण्याआधी त्याने पिऊन टाकलेला असतो.

त्याच थरात त्याचं दुसरं भांडवल आहे. जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-चार सेंटिमीटरवर आडवी, गाठाळ खोडं पसरलेली असतात आणि त्यांच्यावर डोळे. आपल्याकडे ऊस तुटला की बुडख्यातून फुटवे येतात, त्याला खोडवा म्हणतात. ब्लूस्टेमचं सगळं आयुष्य म्हणजे न संपणारा खोडवा. उसाचा खोडवा दोन-चार तोडींत दमतो. हा दरवर्षी जळतो, चरला जातो, गोठतो आणि पुन्हा फुटतो. यंदाच्या डोळ्यांबरोबर गेल्या वर्षीचे काही डोळेही राखीव ठेवलेले असतात. कॅन्ससमधल्या अभ्यासात दिसलं की वसंतात वर येणाऱ्या शंभर फुटव्यांतले नव्याण्णवाहून जास्त या डोळ्यांतूनच येतात. बी रुजून आलेलं रोप जवळजवळ सापडत नाही. एवढा थाटाचा तुरा, वाऱ्यावर उधळणारे पराग, कुसळवालं बी, आणि जुन्या प्रेअरीत त्या सगळ्याचा रोजच्या कारभाराला उपयोग नाममात्र. बी लागतं ते नव्या जागी जाण्यासाठी आणि गुणसूत्रांच्या नव्या जुळणीसाठी.

गुणसूत्रांचाही किस्सा सांगण्यासारखा आहे. या गवतात मूळ संच दहाचा. पूर्वेकडच्या बहुतेक झाडांत असे सहा संच, म्हणजे ६० गुणसूत्रं. पण पश्चिमेकडे, कोरड्या भागांत, नऊ संचांची म्हणजे ९० गुणसूत्रांची झाडं जास्त भेटतात. नऊ ही विषम संख्या. बीजपेशी करताना संच सारखे वाटले जात नाहीत, त्यामुळे अशा झाडांचं बीजधारण कमकुवत असतं. केवळ बियांवर विसंबणारी वनस्पती यात कधीच संपली असती. ज्याचा प्रपंच डोळ्यांवर चालतो त्याला ही चैन परवडते.

तिसरा भागीदार बुरशी. मुळांच्या पेशींत शिरून राहणारी मायकोरायझा बुरशी मातीतला स्फुरद गवताला आणून देते आणि बदल्यात साखर घेते. ही देवाणघेवाण पुष्कळ वनस्पतींत असते. पण ब्लूस्टेमचं तिच्यावाचून चालतच नाही. प्रेअरीची माती निर्जंतुक करून कुंडीत भरली आणि त्यात रोपं लावली, तर बुरशी मिळालेली रोपं बुरशी नसलेल्यांच्या कितीतरी पट मोठी होतात. बाकीची बोटभर उंचीवर खुरटतात. याची उलट बाजूही तपासली गेली. डेव्हिड हार्टनेट आणि गेल विल्सन यांनी कॅन्ससमध्ये प्रेअरीच्याच काही तुकड्यांत वर्षानुवर्षं बुरशीनाशक घालून ही बुरशी दाबली. उंच गवतं मागे हटली आणि एरवी त्यांच्या सावलीत दबलेल्या इतर जाती वाढल्या. म्हणजे प्रेअरीवर ब्लूस्टेमचं राज्य दिसतं, त्याच्यामागे ही न दिसणारी युती आहे.

हे प्रयोग झाले ते कॅन्ससमधल्या मॅनहॅटन गावाजवळच्या कोन्झा प्रेअरीवर. फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्यांतलं हे सुमारे ३,४८७ हेक्टरांचं संशोधन-क्षेत्र. कान्सा किंवा कॉ या मूळ रहिवाशांवरून नाव पडलं. कॅन्सस स्टेट विद्यापीठातले लॉइड हल्बर्ट यांनी १९७०च्या दशकात ते उभं केलं आणि १९८० पासून अमेरिकेच्या दीर्घकालीन परिसंस्था-संशोधनाच्या पहिल्या केंद्रांत त्याची गणना झाली. हल्बर्ट यांची कल्पना साधी होती: ओढ्यानाल्यांनी आपोआप पडलेल्या पाणलोटांच्या वाटण्या घ्यायच्या आणि काही दरवर्षी जाळायच्या, काही दोन वर्षांनी, काही चार, काही वीस वर्षांनी. मग नुसतं पाहत राहायचं.

तिथे वर्षाला सरासरी ८३५ मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यापेक्षा कमी नाही. एवढ्या पावसात झाडं सहज वाढतात. मग मुळात तिथे रान का नव्हतं? पूर्वेकडे इलिनॉयमध्ये तर पाऊस आणखी जास्त, आणि तरीही प्रेअरीची जीभ जंगलात घुसलेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कोड्यावर पुष्कळ शाई खर्च झाली. वीस-वीस वर्षं न जाळलेल्या कोन्झाच्या पाणलोटांनी उत्तर समोर मांडलं. आधी डॉगवूडची झुडपं आली, मग ईस्टर्न रेड सीडर हा सूचिपर्णी वृक्ष; आणि त्याच्या गर्द सावलीत गवत मेलं. प्रेअरी टिकली ती अधूनमधून पडणाऱ्या दुष्काळांमुळे आणि आगीमुळे. आग कधी विजेने लागे, बहुतेकदा माणसाने लावलेली. कॉ, ओसेज आणि इतर लोक गवत जाळत, कारण जळालेल्या जागी कोवळं गवत येतं आणि त्यावर बायसन येतात.

आगीने ब्लूस्टेमला काय मिळतं, हेही कोन्झावर उकललं. शरद ऋतूत गवत पिवळं पडतं तेव्हा पानांतलं नत्र खाली, जमिनीतल्या खोडांत उतरवून ठेवलेलं असतं. वर उभं राहतं ते चिपाड. ते कुजायला वेळ लागतो. दोन-तीन वर्षांत त्याचा जाड थर साचतो, कोंबांना ऊन मिळत नाही, माती थंड राहते, पावसाचा बराचसा वाटा वरच्या वर वाळून जातो. ॲलन नॅप आणि टिम सीस्टेड यांनी १९८६ साली दाखवून दिलं की न जळलेल्या प्रेअरीचं उत्पादन घटतं ते या साचलेल्या पाचोळ्यामुळे. एप्रिलअखेर आग फिरली की पाचोळा जातो, काळी माती उन्हात तापते आणि मातीखालच्या डोळ्यांना झळही लागलेली नसते. याच वेळी थंडीतली गवतं हिरवी होऊन बसलेली असतात, ती पोळतात. इथे ब्लूस्टेमचा उशीर कामी येतो. आगीनंतरच्या उन्हाळ्यात ते इतकं निसवतं की टेकडीच्या टेकडी तांबडी दिसते.

मात्र दरवर्षी आग आणि चरणारं कोणी नाही, अशी व्यवस्था ठेवली तर ब्लूस्टेम माजतं. त्याच्या दाटीत रंगीबेरंगी फुलझाडं आक्रसत जातात आणि प्रेअरी गवताच्या एकपिकी शेतासारखी होते. राजाला लगाम घालणारा प्राणी म्हणजे बायसन. एकेकाळी या मैदानांवर ते कोट्यवधींच्या संख्येने होते आणि १८८०चं दशक संपेपर्यंत काहीशेवर आले. कोन्झावर १९८७ साली बायसन पुन्हा सोडले. बायसन नव्वद टक्क्यांहून जास्त गवतच खातात आणि फुलझाडांना फारसं तोंड लावत नाहीत. नुकतंच जळलेलं रान ते हेरून तिथे चरतात. दुसरीकडे धुळीत लोळून खोलगट खळगे करतात, त्यांत पावसाचं पाणी साचतं आणि वेगळीच रोपं उगवतात. जवळपास तीन दशकांच्या नोंदी २०२२ साली प्रसिद्ध झाल्या. बायसन असलेल्या भागात देशी वनस्पतींच्या जातींची संख्या दुपटीवर गेली होती. गुरं चारलेल्या भागातही ती वाढली, पण त्याच्या निम्म्याहून कमी.

गुरांनाही हे गवत फार आवडतं, आणि तिथेच त्याचं मरण आहे. पोटरीत येण्याआधीचं ब्लूस्टेम चविष्ट आणि पौष्टिक. कुरण नीट राखलं नाही तर जनावरं निवडून तेच बुडापर्यंत खातात, डोळ्यांतला साठा आटतो आणि गवत कुरणातून नाहीसं होतं. कुरणाची तब्येत पाहायला आलेला जाणकार म्हणून आधी ब्लूस्टेम शोधतो. फ्लिंट हिल्समध्ये एकोणिसाव्या शतकापासून टेक्ससची गुरं उन्हाळ्यापुरती आणून पोसली गेली. या टेकड्यांच्या चुनखडीत गारगोटीचे थर आहेत, त्यामुळे नांगर चालला नाही, आणि जगातली उंच गवताची सगळ्यांत मोठी सलग प्रेअरी आज तिथेच उरली आहे.

इतरत्र नांगर चालला. सगळं श्रेय आणि सगळा दोष जॉन डिअरच्या १८३७ सालच्या पोलादी नांगराला देण्याची पद्धत आहे. थोडं न्यायाने बोलायचं तर त्या नांगराची करामत गवत तोडण्याची नव्हती. इलिनॉयची काळी चिकट माती ओतीव लोखंडाच्या फाळाला चिकटून बसायची, ती गुळगुळीत पोलादावरून सुटू लागली. पहिली मोडणी बैलांच्या कित्येक जोड्या जुंपलेल्या अवजड नांगरांनी होत असे. मुळांची जाळी इतकी घट्ट की नांगराच्या तासातून निघालेले मातीचे पट्टे विटांसारखे कापून नेब्रास्का-कॅन्ससमधल्या लोकांनी त्यांची घरं बांधली, लाकूड नव्हतंच. १८६२च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येकी १६० एकर जमीन मिळू लागल्यावर उरलीसुरली प्रेअरीही मोडत गेली. गवताने हजारो वर्षं मुळं कुजवून जी काळी, कसदार माती केली, तिच्यावर आज मका उभा असतो, म्हणजे ब्लूस्टेमचाच लांबचा भाऊबंद.

जे नांगराने गेलं नाही त्यातलं काही झाडं लावून गेलं. वृक्षारोपणाचा ‘आर्बर डे’ १८७२ साली सुरू झाला तो नेब्रास्कात, आणि १८९५ ते १९४५ या राज्याचं अधिकृत बिरुद होतं ‘वृक्ष लावणाऱ्यांचं राज्य’. आज त्याच राज्यात कुरणांत घुसलेले रेड सीडर कापण्यावर पैसा आणि मनुष्यबळ खर्च होतं. आपल्याकडे माळरानाची नोंद ‘पडीक’ म्हणून होते आणि वनमहोत्सवात त्यावर खड्डे घेतले जातात, तेव्हा नेब्रास्काचा हा हिशेब आठवावा. आगीचा धडा मात्र जसाच्या तसा उचलू नये. आपल्या माळांची गवतं, पाऊस, चराई आणि माती सगळंच वेगळं आहे; इथे कोन्झासारख्या दीर्घ नोंदी आधी व्हायला हव्यात.

मोडलेली प्रेअरी परत उभी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसन इथे १९३५ साली हाती घेतला. पर्यावरण-विचारवंत आल्डो लिओपोल्ड त्यात होते. जुन्या शेतावर त्यांनी आणि थिओडोर स्पेरी यांनी प्रेअरीची झाडं लावली. ती जागा आता कर्टिस प्रेअरी म्हणून ओळखली जाते. दुसरी विलक्षण जागा शिकागोजवळची फर्मीलॅब ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. कणत्वरकाच्या विशाल वर्तुळाच्या आत जी मोकळी जमीन होती, तिथे रॉबर्ट बेट्झ यांनी १९७५ पासून प्रेअरी पेरायला सुरुवात केली. बेट्झ जीवशास्त्राचे प्राध्यापक. जुन्या दफनभूमींत उरलेली प्रेअरी शोधत हिंडणं हा त्यांचा ध्यास. प्रोटॉन फिरायचे त्या वर्तुळात ब्लूस्टेम निसवू लागलं.

पेरणाऱ्याची परीक्षा असते. कुसळ आणि लव यांमुळे बी एकमेकांत गुंततं आणि साध्या पेरणीयंत्राच्या नळ्यांत अडकून बसतं. त्यासाठी ढवळणारी वेगळी पेटी असलेली यंत्रं वापरावी लागतात. पहिल्या वर्षी वर दिसतं वीतभर केविलवाणं रोप आणि चहूकडे तण, कारण रोप आपली सगळी कमाई मुळांत घालत असतं. तिसऱ्या वर्षापासून उलट तक्रार सुरू होते. बियाण्याच्या मिश्रणात ब्लूस्टेम सढळ हाताने घातलं असेल तर ते फुलझाडांना जागाच ठेवत नाही. म्हणून अनुभवी मंडळी आता मोठ्या गवतांचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवतात.

आयोवा राज्यात याच गवतांचा आणखी एक उपयोग तपासला गेला. मका-सोयाबीनच्या शेताचा दहावा भाग पट्ट्यापट्ट्यांनी प्रेअरीला दिला, तर शेतातून वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी घटते. इतक्या थोड्या जागेत इतकं काम करणारं दुसरं पीक मला माहीत नाही.

बी कुठलं घ्यावं, हा वाद अजून चालू आहे. कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या लोरेटा जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम कॅन्सस, मध्य कॅन्सस आणि इलिनॉय इथलं ब्लूस्टेम एकमेकांच्या गावी नेऊन लावलं. पश्चिमेच्या कोरड्या कोल्बीपासून इलिनॉयच्या ओलसर कार्बनडेलपर्यंत चार ठिकाणं घेतली. इलिनॉयचं गवत घरच्या पावसात भरपूर उंच झालं आणि पश्चिमेला नेल्यावर खुरटलं. पश्चिमेचं गवत मात्र इलिनॉयच्या भरघोस पावसातही बुटकंच राहिलं. बुटकेपणा नुसता दुष्काळाचा परिणाम नव्हता, रक्तातच होता. दोन्ही टोकांना स्थानिक गवताने पाहुण्यांना मागे टाकलं. ब्लूस्टेम म्हणून बाजारात मिळेल ते बी आणून टाकलं की झालं, असं मग कोणाला म्हणता येईना. आयोवात १९९० पासून हे काम रीतसर चालतं. राज्याचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन पट्टे पाडले आहेत, त्या त्या पट्ट्यातल्या उरलेल्या प्रेअरीतून बी गोळा करून वाढवलं जातं, आणि मूळ ठिकाण तपासून नोंदलेल्या बियाण्याच्या पिशवीला पिवळी चिठ्ठी लावलेली असते.